मायच्या तोंडाकडे पाहणारे पोर

दीड वर्षाचा तो मुलगा ओसरीत बसून तुरीच्या शेंगा एकेक करून टोपल्यात टाकत होता, आणि कापूस वेचून परतलेल्या त्याच्या आईचा आवाज घरात कुणाशी तरी बोलताना चढताच त्याचा हात मध्येच थांबला.

त्यानंतर त्याने टोपल्याकडे पाहिलेच नाही. शेजारी बसलेल्या अंगणवाडीच्या ताई हळूच म्हणाल्या, “पोट्ट्याचं ध्यान शेंगाईत कसं राहीन जी, तो मायच्या तोंडाकडे पाह्यते.”

हे वाक्य दिवसभर माझ्या मनातून गेले नाही. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात ‘पोरगं एका जागी रमत नाही’ ही तक्रार नेहमीची आहे आणि त्यावरचा उपाय म्हणजे हातात मोबाइल. खरे तर एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे.

चेन यू आणि लिंडा स्मिथ या मानसशास्त्रज्ञांच्या २०१६ च्या अभ्यासात असे दिसले की, मूल ज्या वस्तूशी खेळत आहे तिच्याकडे आईवडीलही पाहतात तेव्हा मुलाचे लक्ष त्या वस्तूवर अधिक वेळ टिकते, आणि मोठ्यांची नजर दुसरीकडे वळल्यावरही ते काही काळ तसेच राहते.

त्या आईला मी दोष देणार नाही, कारण दिवसभर उन्हात वाकून वेचणी केल्यावर मन शांत ठेवणे सोपे नसते. मुलाचे वजन आणि उंची आपण नियमाने नोंदवतो, ते आवश्यकच आहे. पण संध्याकाळी त्या बाईला मुलाजवळ निवांत बसता यावे म्हणून चूल आणि पाणी घरातले दुसरे कोण सांभाळते, हे आपण कधी विचारतो का?