अडलेला दुसरा अंक आणि एक सिजिल

राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी लिहायला घेतलं होतं. पहिला अंक झरझर उतरला, दुसरा काही केल्या सरकेना. आणि सांगलीत, विष्णुदास भाव्यांच्या गावात, नाटक अडलंय हे सांगायचीही चोरी!

त्याच सुमारास सिजिलबद्दल, म्हणजे इच्छेच्या अक्षरांतून काढलेल्या जादूच्या चिन्हाबद्दल, वाचलं. लंडनचा चित्रकार ऑस्टिन ऑस्मन स्पेअर (१८८६–१९५६) याची ही पद्धत. इच्छा एका वाक्यात लिहायची, पुन्हा आलेली अक्षरं खोडायची, उरलेल्यांची आकृती करायची, तिच्यावर मन एकाग्र करायचं आणि मग ती चक्क विसरायची. १९७०च्या दशकात केऑस मॅजिक या नव्या जादूपंथाच्या लोकांनी ती उचलून धरली.

माझा खरा वेळ गेला वाक्यात. ‘नाटकाला बक्षीस मिळू दे’ बाद, ते परीक्षकांच्या हातात. ‘लेखन अडू नये’ यात नकार, तो टाळायचा म्हणतात. शेवटी लिहिलं, ‘दुसरा अंक मी पुरा करतो.’ आणि तिथेच थबकलो. पुरा म्हणजे कुठवर? नाटकातला थोरला भाऊ वाड्याच्या कागदावर सही करतो तिथे, की सही न करताच पेन खाली ठेवतो तिथे? ते ठरायचंच राहिलं होतं. त्याने पेन खाली ठेवायचं ठरलं.

मात्रा-अनुस्वार सोडले, दुबार अक्षरं खोडली. उरली आठ: द स र अ क म प त. रोमन लिपीत एकमेकांवर चढवणं सोपं असेल. इथे शिरोरेघ आडवी येते. ती काढून टाकली. मग दिसलं की स, अ, म, प, त या पाचांना उजवीकडचा एकच दंड पुरतो. ‘क’ त्याच दंडावर बसला, ‘द’ची शेपटी खाली लोंबली, ‘र’ कुशीत गेला. झालं ते थेट हळदीच्या पोत्यावरच्या मार्क्यासारखं.

आई डोकावली. “ताईत लिहितोयस का रे?”

जादूटोणाविरोधी कायद्याचीही एका मित्राने आठवण करून दिली. तो २०१३चा कायदा अघोरी प्रकार आणि लोकांच्या फसवणुकीसाठी आहे. स्वतःच्या वहीत रेघोट्या मारायला मुभा आहे म्हटलं.

रात्री दिवा लावून आकृतीकडे डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघितलं, कागद जाळला. विसरणं मात्र महाकठीण. शेवटी तालमीच्या धबडग्यात आपोआप जमलं.

अंक झाला. दैवी शक्तीवर माझा विश्वास नाही, श्रेय मी त्या वाक्याला देतो. पुढचा सिजिल नटांनी तालमीला वेळेवर यावं म्हणून काढणार होतो. मित्र म्हणाला, त्यासाठी फोनच करावा लागतो.