क्लिकचा स्पीड दीड महिन्याच्या प्रॅक्टिसने वाढला, माऊस बदलून मिळायला सात आठवडे

गेमसाठी माऊसचे क्लिक सेकंदाला ५.८ वरून ९.४ वर न्यायला मला दीड महिन्याची प्रॅक्टिस लागली आणि त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. खरा वेळ गेला तो पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. कंपनीचं नाव घेत नाही, पण आठवलं की अजून डोकं तापतं.

सुरुवात भाच्यामुळे झाली. तेरा वर्षांचा आहे, दर रविवारी आमच्याकडे येतो, तो लॅपटॉपवर आणि मी पीसीवर असं माइनक्राफ्ट या गेमचं १.८ व्हर्जन खेळतो. व्हर्जन जुनं आहे पण तलवारबाजीवाले अजून तेच धरून बसलेत, कारण २०१६ ला १.९ आलं तेव्हापासून एक वार केला की दुसऱ्याला पूर्ण जोर येईपर्यंत थांबावं लागतं, १.८ मध्ये तसलं काही नाही, बडवत राहायचं. तर एकदा सलग अकरा वेळा मला मारून झाल्यावर म्हणाला, "मामा, तुझा सीपीएस किती आहे?" मी पतसंस्थेत कामाला, मला वाटलं सिबिलसारखं काहीतरी असेल. क्लिक्स पर सेकंद म्हणे. मोजला तर ५.८. तो हसला नाही, "चालतंय रे मामा" म्हणाला, ते जास्त लागलं.

मग रोज रात्री जेवण झाल्यावर प्रॅक्टिस. दहा सेकंद फुल स्पीड, वीस सेकंद हात मोकळा, अशा आठ फेऱ्या, बस. पहिल्या आठवड्यात मी सलग पाच पाच मिनिटं बडवायचो, त्याने स्पीड वाढत नाही, फक्त हात भरून येतो आणि आई आतल्या खोलीतून ओरडते, "अरे ते टकटक बंद कर, पाल चुकचुकल्यासारखं वाटतंय." दुसरं म्हणजे बटणाच्या मधोमध दाबू नका, पुढच्या टोकाला दाबा, तिथे जोर कमी लागतो. आणि बोट फार वर उचलायचं नाही, बटणाला चिकटूनच ठेवायचं. एवढ्यावर माझा सीपीएस चौथ्या आठवड्यात ७.९ झाला.

मधे जिटर क्लिकिंगचा नाद लागला होता, म्हणजे कोपरापासून हात ताठ करून थरथरवायचा आणि त्या थरथरीने क्लिक काढायचे. आकडा येतो, अकरा बारा येतो, पण नेम कुठच्या कुठे जातो आणि मला चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना कोपराच्या खालून कळ आली. दहा दिवस बंद ठेवावं लागलं. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या तर तिथेच थांबा, मनगटातली नस दाबली जात असेल तर अशाच येतात, हे मला फिजिओ मॅडमनी सांगितलं, वर "या वयात कसली गेम" हेही सांगितलं. मी बत्तीसचा आहे.

तर पाचव्या आठवड्यात एक दिवस अचानक सीपीएस १३ आला. दुसऱ्या दिवशी १४. मी हवेत. जपानमध्ये हडसन सॉफ्टचे ताकाहाशी मेइजिन सेकंदाला १६ वेळा बटण दाबायचे म्हणून ऐंशीच्या दशकात गाजले होते, म्हटलं आता दोनच राहिले. भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला, बहिणीलाही पाठवला, तिने अंगठा दाखवला. आणि त्याच रात्री ऑनलाइन खेळताना एका सर्व्हरने मला सात दिवस बाहेर काढलं, कारण काय तर ऑटोक्लिकर, म्हणजे आपोआप क्लिक करणारा प्रोग्राम, वापरतो. मी! मला तर ऑटोक्लिकर कुठून घ्यायचा तेही माहिती नाही.

दुसऱ्या दिवशी एक फाइल एका फोल्डरमधून ओढून दुसऱ्यात टाकत होतो तर ती मध्येच सुटली. परत ओढली, परत सुटली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टेस्ट लावली आणि मोठ्याने मोजत, सेकंदाला एक, असे शंभर क्लिक केले तर मोजणी ११७. म्हणजे माझं बोट नव्हतं सुधारलं, माऊस बिघडला होता. बटणाखालच्या स्विचमध्ये धातूची छोटी पट्टी असते, ती दाबल्यावर जरा थरथरते, म्हणून माऊस पहिल्या क्लिकनंतर काही मिलिसेकंद दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो. पट्टी झिजली की थरथर त्याच्या पुढे जाते आणि एका दाबण्याचे दोन क्लिक होतात. सर्व्हरला दिसलं की हा माणूस माणसासारखा क्लिक करत नाहीये. बरोबरच होतं त्यांचं. माझ्या माऊसच्या स्विचला दोन कोटी क्लिकचं रेटिंग होतं, म्हणजे रोज दहा हजार केले तरी साडेपाच वर्षं जायला पाहिजेत, माझा गेला पंधरा महिन्यांत. वॉरंटी दोन वर्षांची. म्हटलं चला, बदलून घेऊ.

साताऱ्यात त्यांचं सेंटर नाही. पुण्याला जायचं, म्हणजे अर्धी रजा टाकून एसटीने स्वारगेट, तिथून रिक्षा, वर तिसरा मजला आणि लिफ्ट बंद. टोकन ३१, चालू होतं ९. माझा नंबर आला तेव्हा कळलं की बिल भाऊजींच्या नावावर आहे, त्यांनीच दिवाळीला ऑर्डर करून दिलेला. "ज्यांच्या नावाने बिल त्यांचं पत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागेल सर." हे सकाळी फोनवर विचारलं होतं तेव्हा फक्त "बिल आणा" सांगितलं होतं.

दुसऱ्या वेळी पत्र घेऊन गेलो. पोराने माऊस उलटा केला, सुलटा केला, डाव्या बटणावर मी एकदा ग्रिप टेप लावलेली, त्याचा चिकटपणा राहिला होता, त्यावर नखाने खरवडून म्हणाला, "सर हे मॉडिफिकेशन आहे." टेप! बॅटच्या हँडलला ग्रिप लावली तर बॅट मॉडिफाय होते का? मग त्याने डेस्कटॉपवर तीन वेळा क्लिक केलं, सावकाश, देवाला फूल वाहतात तसं, आणि म्हणाला, "चालतोय की." मोबाइलमधला व्हिडिओ दाखवला तर व्हिडिओ ग्राह्य नाही, फॉल्ट इथे यायला पाहिजे. क्लिक मोजायची साइट लावा म्हटलं तर त्यांच्या मशीनला नेट नाही. शेवटी "ठेवून जा, टेस्टिंगला टाकतो." पंधरा दिवसांनी फोन, घेऊन जा. कागदावर लिहिलेलं, नो फॉल्ट फाउंड.

परत येताना खंबाटकीचा घाट येईपर्यंत मी त्या कागदाकडे बघत बसलो होतो. मी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूचा माणूस आहे, लोकांना "झेरॉक्स आणा, मग या" मीही म्हणतो, त्यामुळे त्या पोराचा राग येता येता स्वतःचाच आला. आणि मग सुचलं की नेट कशाला पाहिजे.

चौथ्या खेपेला (तिसरी फक्त माऊस परत आणायची झाली) त्याच्याच मशीनवर सांगितलं, डेस्कटॉपवरच्या रिसायकल बिनवर एक एक क्लिक करा, डबल नाही, दोन क्लिकच्या मधे दोन सेकंद थांबा. केले त्याने. एक, दोन, तीन, काही नाही. मला घाम. सातव्या क्लिकला रिसायकल बिन आपोआप उघडला. तो म्हणाला "चुकून झालं असेल." शेजारच्या काउंटरवरच्या मॅडम वाकून बघत होत्या, त्या म्हणाल्या "परत कर." चौथ्याला परत उघडला. मॅडमनी माऊस स्वतःच्या हातात घेतला, तिसऱ्याला उघडला, आणि त्या फक्त "रिप्लेसमेंट टाक" म्हणाल्या. मी त्यांना जवळजवळ नमस्कार केला. तरी पुढे स्टॉक नाही म्हणून बारा दिवस गेलेच.

तेवढे दिवस मी पतसंस्थेतला जुना साडेतीनशेवाला माऊस घरी आणून प्रॅक्टिस केली, आणि मजा म्हणजे त्यावरही ८.६ यायला लागले, तेव्हा महागाच्या माऊसने स्पीड येतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. नवीन आल्यावर ९.४, आणि एक मिनिट सलग केलं तरी ८ च्या खाली जात नाही. खरं तर त्याच्या वर गरजही नाही. १.८ मध्ये एकदा वार लागला की पुढचा अर्धा सेकंद तेवढ्याच जोराच्या दुसऱ्या वाराने लाइफ जात नाही, म्हणजे सेकंदाला दोनच वार कामाचे. जास्त क्लिकचा फायदा एवढाच की तो अर्धा सेकंद संपला की लगेच तुमचा एक क्लिक तिथे हजर असतो. सहाच्या स्पीडला दोन क्लिकमध्ये साधारण १६७ मिलिसेकंद जातात, दहाच्या स्पीडला १००. पंधरा वीसने फरक पडतो तो फक्त स्क्रीनशॉटला.

भाच्याबरोबर मागच्या रविवारी अकरापैकी चार जिंकलो. पाचवी पण जिंकली असती, आईने जेवायला हाक मारली.

हो, एक राहिलं. माऊसचा खोका फेकू नका, त्यावरचा सिरियल नंबर फॉर्मवर लागतो, माऊसच्या पोटावरचा घामाने पुसला जातो, माझा शेवटचा आकडा ३ आहे की ८ यावर तिथे वीस मिनिटं गेली होती.