मी नसताना घराची किल्ली कोणाकडे?

महिन्यातले पंधरा-सोळा दिवस मी बाहेर असतो, कामच तसं आहे, आणि तरी भाड्याने द्यायला म्हणून एक फ्लॅट घेतला त्याला आता सहा वर्षं होतील. घेताना लोकेशन, कर्जाचा व्याजदर, आजूबाजूला भाडं किती मिळतं, सगळं एक्सेलमध्ये मांडून झालं होतं. पण मी नसताना त्या घरात किल्ली घेऊन कोण जाणार, हे काही त्या शीटमध्ये नव्हतं.

तिसऱ्याच महिन्यात ते कळलं. विमान उतरलं, फोन चालू केला तर अकरा मिस्ड कॉल, सगळे खालच्या मजल्यावरच्या काकूंचे. भाडेकरू सुट्टीवर गेलेला आणि माझ्या किचनमधून त्यांच्या छतावर पाणी उतरत होतं. "अहो तुम्हाला येता येत नाही तर कोणालातरी पाठवा ना," असं त्या परत परत म्हणत होत्या आणि माझ्याकडे पाठवायला कोणीच नव्हतं. दुसरी किल्ली माझ्याच बॅगेत. शेवटी टाकीवरून पाणी बंद केलं, म्हणजे अख्ख्या मजल्याचं पाणी गेलं. भाडेकरू परतल्यावर बघितलं तर सिंकखालचा हातभर पाइप नटापाशी फाटलेला. काकूंचं छत मी रंगवून दिलं, पण त्यांचा तो आवाज अजून आठवतो आणि वाईट वाटतं.

तेव्हापासून मी हिशोब वेगळा करतो. महिन्याचं भाडं 100 धरा, वर्षाचे 1200. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं राहिलं तर 1100 उरले, म्हणजे वर्षाच्या भाड्यातले 8 टक्के त्या एका महिन्यात गेले. मी नसताना घर सांभाळणाऱ्या माणसाला हातात आलेल्या भाड्यातले 10 टक्के दिले की 990, आणि दुरुस्तीला एका महिन्याचं भाडं बाजूला ठेवलं की 890. कर, विमा, मेंटेनन्स अजून यायचेच आहेत आणि रिकाम्या महिन्यातही हप्ता थांबत नाही. सतत फिरणाऱ्या माणसाने 1200 वर नाही, या 890 वर घर परवडतं का ते बघावं. बरेच जण ते 10 टक्के वाचवायला जातात, मला ते पटत नाही, कारण आपण चार दिवस मीटिंगमध्ये अडकलो की तेवढे पैसे एका गळतीत जातात.

माणूस ठेवताना मी दोनच गोष्टींवर अडून बसतो. एक, किती रकमेपर्यंतची दुरुस्ती तो मला न विचारता करून टाकेल हे आधीच लिहून ठेवायचं, नाहीतर मी विमानात आणि प्लंबर दारात अशी वेळ येते. दुसरं, दर तीन महिन्यांनी भाडेकरूला आधी कळवून घरात जायचं आणि व्हिडिओ काढायचा, पण नुसता हॉलमधून फिरवलेला कॅमेरा नको, सिंकखालचं कपाट उघडून, बाथरूमच्या भिंतीचा खालचा कोपरा, खिडकीच्या कडा, मीटरचं रीडिंग. सिंकखाली आम्ही आता जुना पेपर पसरून ठेवतो, थेंब पडला तरी डाग लगेच दिसतो. आणि मेन व्हॉल्व्हला लाल टॅग लावलाय, त्याचा फोटो भाडेकरूकडे, काकूंकडे आणि माझ्याकडे.

कागदपत्रांचं म्हणाल तर सह्यांसाठी कोणालातरी पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे आपल्या वतीने काम करायचा लेखी अधिकार, बऱ्याचदा द्यावी लागते, पण ती सरसकट देऊ नका, अगदी सख्खा भाऊ असला तरी. कोणती मालमत्ता, नेमकं कोणतं काम, कधीपर्यंत, हे त्यात लिहिलेलं हवं, आणि भाड्याचा करार करायला दिलेल्या कागदात विकायचा अधिकार नको. विम्याचंही तसंच, घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर बऱ्याच पॉलिसी नुकसानभरपाई देत नाहीत किंवा कमी देतात, ती ओळ शोधून वाचा.

हे सगळं नको वाटत असेल तर आरईआयटी आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारती घेणारे ट्रस्ट, त्यांचे शेअरसारखे युनिट घ्यायचे, इमारती दुसरं कोणीतरी सांभाळतं. भाव वरखाली होतो आणि कोणती इमारत घ्यायची ते आपल्या हातात नसतं, पण रात्री दोन वाजता कोणी फोन करत नाही. माझे पुढचे पैसे मी अर्धे तिकडेच टाकणार आहे. उरलेल्या अर्ध्यात अजून एक छोटं घर बघतोय, पण त्याच बिल्डिंगमध्ये, कारण किल्ली सांभाळणारा माणूस तिथे आधीच आहे आणि काकू आता माझ्याशी बोलतात.