क्युन्योच्या गाडीला पाणी कुठून घालत होते?

माझे वडील, म्हणजे आमचे अप्पा, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलरवर होते. गळीत हंगामात रात्रपाळी करून सकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला भुशाचा आणि गरम तेलाचा वास यायचा. मी नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. गेल्या ऑक्टोबरात ते पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा पॅरिसला काय काय बघायचं याची भलीमोठी यादी मी केली होती. यादीत एक फोटो होता: तीन चाकांचं अवजड लाकडी गाडं आणि पुढच्या चाकाच्याही पुढे लटकणारा तांब्याचा हंडा. अप्पांनी बाकीची यादी बाजूला ठेवली. "हे आधी बघायचं," म्हणाले.

हे गाडं म्हणजे निकोला-जोझेफ क्युन्यो या फ्रेंच लष्करी अभियंत्याचं 'फार्दिए'. तोफा वाहायच्या अवजड गाड्याला फ्रेंचमध्ये फार्दिए म्हणतात. स्वतःच्या वाफेवर रस्त्यावर चालणारं वाहन म्हणून जगातल्या सगळ्यात जुन्या गाड्यांत याचं नाव पहिलं येतं. १७६९ साली लहान नमुन्याची चाचणी झाली, १७७० मध्ये मोठी गाडी तयार झाली, आणि ती मोठी गाडी आज पॅरिसच्या 'म्युझे दे आर ए मेतिये' या संग्रहालयात उभी आहे. नक्कल नव्हे, तीच.

आधी जायचं कसं ते सांगतो. पत्ता ६०, र्‍यू रेओम्युर, तिसरा विभाग. मेट्रो स्टेशनचं नाव संग्रहालयाचंच आहे, 'आर ए मेतिये', आणि तिथे ३ आणि ११ या दोन मार्गिका येतात. जमलं तर ११ नंबरनंच उतरा. तो फलाट सगळा तांब्याच्या पत्र्यानं मढवलेला आहे, भिंतीत गोल खिडक्या, छतावर मोठाली दातेरी चाकं. एखाद्या पाणबुडीच्या पोटात उतरल्यासारखं वाटतं. अप्पांनी रिव्हेटांवरून हात फिरवला आणि पुढची मेट्रो येऊन गेली तरी तिथून हलले नाहीत. मात्र बरोबर गुडघेदुखीचं माणूस असेल तर नीट विचार करा: पॅरिस मेट्रोच्या फारच थोड्या स्टेशनांत लिफ्ट आहे आणि जिने लांबच लांब. परतताना आम्ही बस धरली आणि रोज तेच करायला हवं होतं असं वाटलं. पॅरिसच्या सार्वजनिक वाहतुकीचं 'नविगो ईझी' कार्ड बसलाही चालतं.

संग्रहालय सोमवारी बंद असतं. शुक्रवारी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं. तरी वेळा आणि तिकिटाचे दर निघण्याच्या आदल्या दिवशी बघून घ्या. माहितीपाट्या मुख्यतः फ्रेंचमध्ये, म्हणून फोनवर भाषांतराचं ॲप आधीच उतरवून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथली फेरी वरच्या मजल्यावरून सुरू होते आणि वाहनं शेवटाकडे येतात. वर लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतली उपकरणं आहेत, घड्याळं आहेत, माग आहेत, सगळंच खिळवून ठेवणारं. तिथेच तीन तास घालवले तर गाड्यांपाशी पोचेपर्यंत पाय बोलायला लागतात. आम्ही वरचे मजले भरभर उरकले आणि खाली दोन तास राखून ठेवले.

आता गाडीबद्दल.

फोटोत तिचा आकार कळत नाही. ती सात मीटरपेक्षा लांब आहे. मागे दोन प्रचंड चाकं, जाड ओंडक्यांची चौकट, त्यावर तोफ ठेवायची मोकळी जागा. पुढे एकच चाक आणि सगळी यंत्रणा त्या एका चाकावर बसवलेली. चाकाच्या वर काशाचे दोन उभे सिलिंडर शेजारी शेजारी. वाफ वरून आत शिरते, दट्ट्या (पिस्टन) खाली ढकलते, दट्ट्याचा दांडा चाकाच्या बाजूच्या खटक्याला ओढतो आणि चाक थोडंसं फिरतं. दोन्ही दट्टे वरच्या एका आडव्या दांडीनं जोडलेले आहेत. एक खाली गेला की दुसरा आपोआप वर येतो, आणि मग वाफ दुसऱ्यात सोडायची. हे सोडणं-तोडणं एक तोटी करते, आणि तीही त्या दांडीच्याच हालचालीनं फिरते.

खटका म्हणजे काय हे सायकल चालवलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. पायडल मागे फिरवलं की फ्रीव्हील टिकटिक करतं पण चाक ओढत नाही, पुढे मारलं की पकडतं. क्युन्योच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना तेच आहे, फक्त अजस्र मापाचं. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हे चित्र पाहिलं होतं तेव्हा वाटलं होतं, साधा क्रँक, म्हणजे मागे-पुढे हलणाऱ्या दांड्यानं चाक गोल फिरवणारी वाकडी भुजा, का नाही लावला? उत्तर तारखांत आहे. वाफेच्या इंजिनाला क्रँक लावून चाक फिरवण्याचं पेटंट जेम्स पिकार्डनं इंग्लंडात घेतलं १७८० मध्ये. क्युन्यो त्याच्या दहा वर्षं आधीचा. जेम्स वॉटचं वेगळ्या कंडेन्सरचं, म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या भांड्याचं, पेटंट १७६९ चं, म्हणजे क्युन्योची पहिली चाचणी झाली त्याच वर्षीचं. त्या काळातली खाणींवरची इंजिनं घराएवढी असत आणि वाफ थंड करून पोकळी निर्माण झाल्यावर हवेच्या दाबावर चालत. क्युन्योनं कंडेन्सर टाकून दिला आणि वाफेच्याच दाबानं दट्टे ढकलून ती हवेत सोडून दिली. रस्त्यावर चालायचं तर दुसरा मार्ग नव्हता. हे कळल्यावर ते खटके ओबडधोबड वाटेनासे झाले. मला तर त्यांच्यासमोर उभं राहून त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

अप्पा सिलिंडरांकडे फारसं बघतच नव्हते. ते हंड्याकडे बघत होते. आपल्याकडे अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब असतो ना, पोटात विस्तव आणि भोवती पाणी, तसंच काहीसं हे भांडं. बराच वेळ एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं वाकून बघितल्यावर त्यांनी विचारलं, "अरं, हेला पाणी कुठनं घालत हुते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अप्पाच पुढे म्हणाले, "फीडपंप न्हाई कुठं. म्हंजे चालता चालता पाणी घालायची सोयच न्हाई. आन् हंडा एवढासा, सिलिंडर एवढं मोठं. वाफ पुरणार कशी?"

त्यांनी नुसत्या नजरेनं जे ओळखलं, ते त्या काळच्या कागदांत लिहिलेलं आहे. १७६९ च्या चाचणीचं जे वर्णन नंतर अहवालात आलं त्यात स्पष्ट आहे: गाडी चार माणसं घेऊन चालली, पण सलग बारा ते पंधरा मिनिटंच. मग तेवढाच वेळ थांबून पुन्हा वाफ धरावी लागे, कारण बॉयलर सिलिंडरांच्या मानानं अपुरा होता. वेग तासाला साडेतीन-चार किलोमीटर, म्हणजे वारकऱ्याच्या चालीएवढा. सिलिंडर, खटके, तोटी हे सगळं काम करत होतं. अडलं ते वाफेच्या पुरवठ्यावर.

दुसरी अडचण सुकाणूची. पुढचं चाक वळवायचं म्हणजे चाकाबरोबर दोन्ही सिलिंडर आणि तो भरलेला हंडाही वळवायचा, आणि ते सुद्धा दातेरी चाकांतून, हातानं. चालकाला दांडा किती फिरवावा लागत असेल याचा अंदाज जवळून बघितल्यावर येतो. गाडी भिंतीवर आदळली अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती छापून आली ती बऱ्याच वर्षांनी, म्हणून तिच्या खरेपणाबद्दल वाद आहे. ती यंत्रणा पाहिल्यावर मला ती गोष्ट अशक्य वाटत नाही, एवढंच म्हणतो.

तिचं पुढे काही झालं नाही याला मात्र भिंत कारण नव्हती. क्युन्योचा पाठीराखा मंत्री श्वाझोल डिसेंबर १७७० मध्ये पदावरून गेला आणि गाडी शस्त्रागारात पडून राहिली. क्युन्योला राजानं वर्षाला ६०० लिव्हरचं (लिव्हर म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) निवृत्तिवेतन दिलं, ते राज्यक्रांतीत बंद पडलं, म्हातारपण हलाखीत गेलं आणि १८०४ मध्ये तो वारला. गाडी या संग्रहालयात आली ती त्याच्या हयातीतच.

फोटो काढायचे असतील तर फ्लॅश नको. पुढच्या चाकाच्या बाजूला जाऊन उभे राहा, खटक्याची रचना तिथूनच समजते. फोनचा झूम चांगला असेल तर तोटीचाही फोटो घ्या; घरी मोठा करून बघताना मजा येते.

तिथून पुढे जुन्या चर्चच्या इमारतीत जा. या संस्थेची जागाच मुळात मध्ययुगीन मठ आहे. उंच कमानींखाली विमानं टांगलेली, पृथ्वी फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबक हलतोय, आणि तिथे आहे आमेदे बोले या घंटा ओतणाऱ्या कारागिराची १८७३ ची वाफेची बस, 'लोबेइसांत', म्हणजे आज्ञाधारक. क्युन्योनंतर शंभर वर्षांनी केलेली. बारा माणसं बसायची आणि सपाट रस्त्यावर तासाला तीसेक किलोमीटरनं जायची. १८७५ मध्ये बोले ती ल माँहून पॅरिसला घेऊन आला, अठरा तासांत.

नाव आज्ञाधारक का, ते पुढच्या चाकांत आहे. इथे अख्खा आस वळत नाही. प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर वळतं, आणि वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळेल अशी साखळीची रचना आहे. तुमच्या-माझ्या गाडीत आजही हेच तत्त्व आहे. मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र इंजिनं दिलेली, त्यामुळे वळणावर एक चाक जास्त आणि एक कमी फिरायला मोकळं. डिफरन्शिअलची, म्हणजे एकाच इंजिनावर दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या दातेरी जोडणीची, कल्पना तोवर माहीत होती. ती वाफेच्या गाडीसाठी १८२० च्या दशकात मांडणारा ओनेसिफोर पेकर याच संस्थेच्या कार्यशाळेचा प्रमुख होता. बोलेनं या गाडीत तरी ती टाळली.

अप्पा पुन्हा बॉयलरकडे, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकाला. या बॉयलरमध्ये खालून बंद असलेल्या नळ्या विस्तवात लोंबतात आणि प्रत्येक नळीत आणखी एक बारीक नळी असते. गार पाणी आतल्या नळीतून खाली उतरतं, तापलेलं पाणी दोन नळ्यांच्या मधल्या फटीतून वर चढतं. पाणी आपलं आपण फिरत राहतं. मी हे सांगायला लागलो तर त्यांनी मला मधेच थांबवलं आणि त्यांच्या कारखान्यातल्या वॉटर-ट्यूब बॉयलरबद्दल मलाच अर्धा तास समजावलं. बंबापासून नळीपर्यंतचा प्रवास त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळला होता.

जेवणाचं: तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर 'पासाज ब्रादी' नावाची छत असलेली गल्ली आहे, तिथे भारतीय हॉटेलं आहेत. त्याहून चांगलं, गार द्यू नॉर या रेल्वे स्टेशनच्या मागे ला शापेल भागात तमिळ वस्ती आहे. इडली-डोसा मिळतो आणि शाकाहारी माणसाची चिंता मिटते. एक सूचना मुक्कामाबद्दलही. आम्ही स्टेशनजवळची एक खोली आगाऊ पैसे भरून घेतली होती आणि रात्री दहाला दारात गेल्यावर बुकिंग सापडत नाही म्हणून सांगितलं. बरोबर सत्तरीचे वडील. पोचण्याच्या दिवशी दुपारी फोन करून खात्री करून घ्या आणि पैसे भरल्याचा कागद छापून जवळ ठेवा.

बोलेची पुढची गाडी, १८७८ ची 'ला मांसेल', काँपिएन्यच्या राजवाड्यातल्या वाहन संग्रहालयाकडे आहे. इंजिन पुढे झाकणाखाली, मधून दांडा, मागे डिफरन्शिअल, तिथून साखळ्यांनी मागची चाकं: मोटारगाडीची पुढची मांडणी तिच्यात जवळजवळ ठरून गेली होती. पॅरिसहून रेल्वेनं तासाभराच्या आत पोचता येतं. मंगळवारी जाऊ नका, राजवाडा बंद असतो, आणि वाहनांचं दालन त्या दिवशी दाखवणार आहेत का हे निघण्यापूर्वी फोन करून विचारा.

शेवटच्या सकाळी आम्ही १ नंबर मेट्रोनं अर्जेंटीनला उतरून प्लास सँ-फेर्दिनांला गेलो. तिथे लेओं सेरपोलेचं स्मारक आहे, १९११ चं. फुकट, कधीही बघा, दहा मिनिटं पुरतात. अप्पांसाठी मुद्दाम ठेवलं होतं, कारण सेरपोलेनं त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. १८८१ मध्ये त्यानं असा बॉयलर काढला की ज्यात पाणी साठवायचंच नाही. तापून लाल झालेली चपटी, अगदी बारीक पोकळीची नळी. पंपानं थेंबाथेंबानं पाणी आत सोडायचं, आत शिरताक्षणी त्याची वाफ. जेवढं पाणी ढकलाल तेवढा जोर. साठा नाही म्हणून फुटायची भीतीही जवळजवळ नाही. १३ एप्रिल १९०२ ला नीसमध्ये त्याची वाफेची गाडी तासाला १२० किलोमीटरच्या पुढे गेली.

अप्पा स्मारकाच्या कठड्यावर बसून हे ऐकत होते. "म्हंजे पंपच लगाम," ते म्हणाले.

राहिलं ते क्युन्योचं गाव, लोरेनमधलं व्हुआ-व्हाकाँ. २०१० मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आणि गावानं मिळून फार्दिएची चालती प्रतिकृती बांधली, ती तिथे आहे. गाव लहान आहे, नांसीहून कोमेर्सीपर्यंत रेल्वे आणि पुढे स्वतःची गाडी लागेल. गाडी कधी पेटवून चालवणार हे गावच्या कार्यालयाला आधी लिहून विचारावं लागतं. मी लिहिलंय. अप्पांना वाफ धरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचंय.