दुखत नव्हते म्हणून थांबले: पडद्याचे छिद्र आणि एक रविवार

मी एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत गेली चोवीस वर्षे सहायक म्हणून काम करते. डोळ्यात काही उडाले तर आधी नळाखाली डोळा धरायचा आणि मग बाईंना हाक मारायची, हे मी नववी-दहावीच्या किती तुकड्यांकडून घोकून घेतले असेल, याचा हिशोब नाही. असे असूनही माझ्या स्वतःच्या डोळ्याला जेव्हा खरोखर काही झाले, तेव्हा मी जवळजवळ पंधरा तास घरी बसून काढले, कारण डोळा दुखत नव्हता, लाल झाला नव्हता आणि त्यातून पाणीही येत नव्हते.

ऑक्टोबरातला शनिवार होता. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून मागे वळले, तर उजव्या डोळ्याच्या कानाकडच्या कडेला वीज चमकल्यासारखे झाले. परतीच्या पावसाचे दिवस, म्हणून खिडकीतून बाहेर पाहिले. आकाश स्वच्छ होते. थोड्या वेळाने मान वळवली तेव्हा पुन्हा तीच चमक, धनुष्यासारखी वाकडी, क्षणभर दिसली. रात्री दिवा घालवल्यावर ती अधिक ठळक झाली आणि डोळे मिटल्यावरही दिसू लागली, तेव्हा मनात पाल चुकचुकली. पण यजमान म्हणाले, ‘अगं, दिवसभर पेपर तपासणाऱ्यांना मदत करत होतीस, डोळे शिणले असतील, झोप आता.’ मलाही तेच ऐकायचे होते. माझे वय बावन्न आहे आणि उजव्या डोळ्याचा नंबर उणे साडेसहा आहे, या दोन गोष्टींचा त्या चमकेशी काही संबंध असू शकतो, असे मला कोणी कधी सांगितले नव्हते.

रविवारी सकाळी चहा गाळताना जे दिसले, ते मात्र विसरणे शक्य नाही. पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा टाकला की त्यातून जांभळे धागे सुटून, वळसे घेत, सावकाश खाली उतरतात. मुलांना विसरण दाखवण्यासाठी हा प्रयोग मी दरवर्षी मांडते. अगदी तसे धागे, फक्त काळपट, माझ्या उजव्या डोळ्यासमोर वरून खाली उतरत होते, आणि त्यांच्यामागे मोहरीहून बारीक असे असंख्य ठिपके पसरले होते. नजर फिरवली की तेही फिरत आणि नजर स्थिरावली तरी मागाहून हेलकावत राहत. डावा डोळा हाताने झाकला तरी ते दिसत होते; उजवा झाकला की सारे नितळ.

तालुक्याच्या ज्या दवाखान्यात आम्ही चष्म्याचा नंबर काढतो, तिथे फोन केला. ‘डोळ्यांसमोर ठिपके दिसत आहेत,’ एवढेच मी सांगितले. पलीकडच्या मुलीने गुरुवारचा नंबर दिला आणि वयोमानाने असे होते, तोपर्यंत डोळ्यांना विश्रांती द्या, असेही सुचवले. तिच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, कारण मी तिला जे सांगितले त्यावरून दुसरे काही कळण्यासारखे नव्हतेच. ठिपके तर कित्येकांना वर्षानुवर्षे दिसत असतात. माझ्या तक्रारीतला महत्त्वाचा शब्द ‘अचानक’ हा होता आणि नेमका तोच मी गाळला होता.

तो शब्द माझ्या मुलीने जोडला. ती पुण्यात औषधनिर्माणशास्त्र शिकते. ‘आई, गुरुवार नाही, आज,’ एवढे बोलून तिने सांगलीतल्या एका मोठ्या नेत्र रुग्णालयाचा क्रमांक पाठवला आणि काय बोलायचे तेही लिहून दिले: कालपासून, एकाच, उजव्या डोळ्यात, अचानक चमक आणि एकदम खूप ठिपके, चष्म्याचा नंबर उणे साडेसहा. मी ते वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवले. पलीकडून तीनच प्रश्न आले. ठिपके एका डोळ्यात की दोन्ही? कडेने सावली किंवा पडदा सरकल्यासारखे वाटते का? डोळ्याला मार लागला होता का? माझी उत्तरे ऐकून त्यांनी सांगितले की वेळ घेण्याची गरज नाही, लगेच निघा, जुने कागद आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर घ्या आणि गाडी स्वतः चालवू नका. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही दीड तासात तिथे पोहोचलो.

ओपीडीला कुलूप होते, पण बाजूच्या दाराने तातडीचा विभाग चालू होता. केस पेपर झाल्यावर एका निवासी डॉक्टरांनी आधी तक्ता वाचायला लावला. चष्म्यासह मी खालून दुसरी ओळ वाचली आणि माझा जीव भांड्यात पडला. तो फार वेळ राहिला नाही. ‘मावशी, मधली नजर चांगली आहे याचा अर्थ कडा चांगल्या आहेत असा होत नाही,’ ते म्हणाले. रक्तदाब, हृदयविकार आणि औषधांची अॅलर्जी विचारून, डोळ्याचा दाब मोजून त्यांनी बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले. थेंब दर दहा मिनिटांनी पुन्हा घालायचे होते. त्या पाऊण तासात बाकावर बसून मी जे पाहिले, त्यावरून कोणत्या डोळ्याने किती वेळ थांबावे याविषयी माझी समजूत पार बदलली.

माझ्या आधी आलेल्या एका आजोबांना रात्रभर उलट्या झाल्या होत्या आणि डोके फुटेल इतके दुखत होते. गावात पित्ताचे इंजेक्शन देऊन झाले होते. डावा डोळा लाल होता, बाहुली धूसर दिसत होती आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असल्याचे त्यांच्या सुनेने सांगताच परिचारिका धावली. तो अचानक उसळलेला काचबिंदू होता. डोळ्याचा दाब साधारणपणे दहा ते एकवीस या आकड्यांत असतो, त्यांचा पन्नासच्या वर गेला होता. दाब असा तासनतास राहिला तर डोळ्यामागची नस कायमची मरते, म्हणून त्यांना शिरेतून औषध सुरू झाले.

दुसरा होता चार वर्षांचा मुलगा. स्वतःच्या आजोबांची चुन्याची पुडी त्याने दातांनी फोडली आणि चुना डोळ्यात उडाला. घरच्यांनी घाबरून तूप लावले आणि पाण्याचा थेंबही न लावता गाडी काढली. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण चुना अल्कलीधर्मी असतो आणि अल्कली डोळ्यात आम्लापेक्षा खोलवर शिरते, हे मी रोज ज्या कपाटाला कुलूप लावते त्याच्या दारावर लिहिलेले आहे. दुचाकीवरच्या पाऊण तासापेक्षा घरच्या नळाखालची वीस-तीस मिनिटे त्या मुलाच्या अधिक कामी आली असती. डॉक्टर आत पापणी उलटी करून कापसाच्या काडीने चुन्याचे कण काढत होते आणि सलाइनची धार चालू होती. त्याचे रडणे बाहेर ऐकू येत होते.

तिसऱ्या तरुणाचे दोन्ही डोळे लाल आणि चिपडांनी भरलेले होते, पण नजर ठीक होती, दुखणेही फारसे नव्हते. त्याचे डोळे आले होते. 2023 च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याकडे अशी साथ पसरली होती, तेव्हा आमच्या शाळेतही वर्गच्या वर्ग काळे चष्मे लावून बसत. हा सोमवारपर्यंत थांबला असता तरी चालले असते. मात्र त्याने मेडिकलमधून परस्पर आणलेले थेंब डॉक्टरांनी काढून घेतले, कारण त्यांत स्टेरॉइड होते. तो कॉन्टॅक्ट लेन्स लावणारा असता आणि एकच डोळा लाल होऊन दुखत असता, तर मात्र त्यालाही त्याच दिवशी तपासणे भाग होते, असे त्यांनी मला नंतर सांगितले.

मी तो विषय सोडला नाही, हा माझा स्वभाव. थेंब घालायला आल्यावर मी डॉक्टरांना विचारले की सर्वांत घाईचे कोणते. ते म्हणाले, एका डोळ्याची दृष्टी दुखल्याशिवाय एकाएकी पूर्ण किंवा बरीचशी जाणे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेल्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, रक्तवाहिनी तुंबली तर तो डोळ्याचा पक्षाघातच समजायचा आणि तिथे मिनिटे मोजायची असतात, अगदी काही मिनिटांत दृष्टी परत आली तरीसुद्धा. नजरेबरोबर बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळे पडले, तर नेत्र रुग्णालय शोधत न बसता 108 ला फोन करून मोठ्या रुग्णालयातच जावे. अचानक एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या आणि पापणी खाली आली, तर तेही मेंदूकडचे दुखणे असू शकते. उलट, खोकल्यामुळे किंवा जोर लागल्यामुळे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग उमटला, पण नजर ठीक असेल आणि दुखणे काहीच नसेल, तर तो दिसायला भयंकर असला तरी बहुधा आपोआप विरतो.

मग माझी पाळी आली. मला आडवे झोपवून, डोक्यावर दिवा बांधलेल्या वरिष्ठ डॉक्टरांनी भिंग धरून पडद्याचा कोपरान्कोपरा पाहिला. ‘वर बघा, वर आणि उजवीकडे, आता खाली’ असे चालू असताना पापणीवरून एका बोथट सळईने ते डोळा दाबत होते. सगळ्या दिवसात त्रास झाला तो एवढाच. उठल्यावर त्यांनी कागदावर एक मोठे वर्तुळ काढले, लाल आणि निळ्या पेन्सिलींनी ते रंगवले आणि घड्याळात दहा वाजतात त्या जागी घोड्याच्या नालेसारखी खूण केली. ‘इथे पडदा फाटला आहे.’

त्यांनी समजावले ते असे. डोळ्याच्या पोकळीत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक गर असतो. वयाबरोबर तो पातळ होतो आणि पन्नाशीनंतर केव्हातरी पडद्यापासून सुटतो. जाड उणे नंबराच्या डोळ्यात हे आणखी लवकर घडते. सुटताना तो पडद्याला ओढतो, त्या ओढीलाच पडदा प्रकाश समजतो, म्हणून चमक दिसते. बहुतेकांचे एवढ्यावर निभावते. पण अशी अचानक लक्षणे घेऊन येणाऱ्या शंभरातल्या साधारण दहा ते पंधरा जणांचा पडदा त्या ओढीने फाटतो आणि बारीक रक्तवाहिनी तुटली तर रक्ताचे धागे उतरतात. छिद्रातून पाणी मागे शिरले की ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो. माझे छिद्र वरच्या बाजूला होते आणि पाणी खालीच धावते, म्हणून घाई अधिक. पडद्याला वेदना कळतच नाहीत. मी शनिवारपासून ज्या दुखण्याची वाट पाहत होते, ते कधी येणारच नव्हते.

पाणी अजून मागे शिरले नव्हते, त्यामुळे ऑपरेशनऐवजी लेसरवर भागले. संमतिपत्रावर सही झाली, बधिर करणारा थेंब पडला, डोळ्यावर एक भिंग टेकवले गेले आणि हनुवटी पट्ट्यावर ठेवून मी पंधरा-वीस मिनिटे बसले. हिरव्या प्रकाशाचे ठोके एकामागून एक येत होते. काही ठोक्यांना कपाळात सुई टोचल्यासारखी कळ येई. छिद्राभोवती तीन रांगांत त्यांनी बारीक चटके दिले. ते चटके भरून येताना पडदा मागच्या थराला घट्ट धरतो, पण त्याला दहा-पंधरा दिवस लागतात, म्हणून तोवर वजन उचलणे, धक्क्यांचा प्रवास आणि व्यायाम बंद. कडेने सावली सरकताना दिसली तर मध्यरात्रीही यायचे, हे त्यांनी केस पेपरवर लिहून खाली दोन रेघा ओढल्या. विम्याचे ऑफिस रविवारी बंद असल्यामुळे पैसे आधी आम्हीच भरले; कागदपत्रांची ती कथा लांबलचक आणि कंटाळवाणी आहे. ज्यांना खाजगीचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी मिरजेसारख्या ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रंदिवस उघडा असतो, एवढे मात्र येथे नोंदवून ठेवते.

परतताना उन्हात डोळा उघडवेना. काळा चष्मा नेला नव्हता, म्हणून यजमानांचा रुमाल कपाळावर ओढून बसले. थेंबांचा अंमल उतरायला संध्याकाळ झाली. आठवड्याने आणि पुन्हा सहा आठवड्यांनी तपासणी झाली, कारण गर सुटण्याचे काम चालू असेपर्यंत दुसरीकडेही छिद्र पडू शकते. पडले नाही. धागे विरले, चमक थांबली, एक अर्धवट कडे तेवढे उरले आहे. पांढऱ्या भिंतीकडे पाहिले की ते तरंगत येते आणि जाते.

रोज सकाळी एक एक डोळा झाकून मी भिंतीवरच्या कालनिर्णयातले आकडे वाचते, चारही कडांकडे लक्ष ठेवून. डाव्या डोळ्यातला गर अजून सुटायचा आहे आणि एका डोळ्यापाठोपाठ वर्ष-दोन वर्षांत दुसऱ्याची पाळी येणे नेहमीचेच, असे डॉक्टर म्हणाले आहेत. म्हणून दाराजवळच्या खुंटीवर एक कापडी पिशवी टांगलेली असते. तिच्यात ती लाल-निळी आकृती, चष्म्याचा जुना नंबर, काळा चष्मा आणि मुलीने लिहून दिलेले ते वाक्य आहे. त्यात ‘उजव्या’च्या जागी ‘डाव्या’ एवढाच बदल करावा लागेल.