अंधारातला बाण: सेशन ११ ची नोंद

खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), म्हणजे फासे टाकत, आपापली पात्रं खेळवत गोष्ट पुढे नेण्याचा. नकाशा अजून तोच, आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावरून उचललेला. दुहेरी तटबंदी, बाहेर खंदक, एका अंगाला तलाव. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी, खेळाडू चौघं, सगळे तिसऱ्या लेव्हलला. पुस्तकं डी अँड डी पाचव्या एडिशनची, २०१४ ची.

कागदाचं आधी सांगतो, कारण सोलापुरात हे फुकटात जमतं. चादरीचं डिझाइन काढायचा ग्राफ पेपर शेजारच्या काकांनी दिला. त्यावर दर आठ घरांनी जाड रेघ आहे. एक घर पाच फूट धरलं की एक जाड चौकट ४० फूट. शॉर्टबोचा (छोट्या धनुष्याचा) साधा पल्ला ८० फूट, म्हणजे दोन चौकटी; लांबचा ३२०, म्हणजे आठ. पट्टी लागतच नाही. कोण कोणाला दिसतंय ते बघायला मागावरचाच धागा ताणतो.

आता भांडण. धाकट्या बहिणीची रोग, म्हणजे लपूनछपून वार करणारं पात्र (रोग हा शब्द ऐकला की आई आतून विचारते, "कुणाला झाला गं?") गेल्या दोन सेशनपासून बाहेरच्या तटाच्या चर्येआडून बाण मारते. बोनस ॲक्शनने (त्याच पाळीतल्या जादा कृतीने) हाइड म्हणजे लपणं, ॲडव्हान्टेजने (दोन फासे टाकून मोठा आकडा धरत) बाण, पुन्हा खाली. पहारेकऱ्याचा एसी (बाण लागायला गाठायचा आकडा) १६, तिचे फाशात मिळवायचे प्लस ५. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर किमान ११ पडायला हवेत. एका फाशाने ५० टक्के, दोन फाशांनी ७५. लागला की शॉर्टबो आणि स्नीक अटॅक (रोगचा जादा मार) मिळून सरासरी साडेतेरा, आणि पहारेकऱ्याचे एचपी (जीव) ११. त्याच्याकडे भाला, फेकून जास्तीत जास्त ६० फूट. ती ८० वर. खाटीकखानाच झाला होता.

मी म्हणालो, त्याच फटीतून तिसऱ्यांदा डोकं काढलंस तर त्याला कळणारच. ती म्हणाली, नियम दाखव. २०२४ च्या सुधारित पुस्तकांतला लपण्याचा नियमही एक संध्याकाळ लावून पाहिला. ठरलेला डीसी (लपायला फाशाने गाठायचा आकडा) १५, आणि आडोसा किमान तीन-चतुर्थांश हवा. डीसी आवडला, पण आमच्या निम्म्या चर्या बाद झाल्या, म्हणून परत जुन्यावर आलो.

मग शनिवारी रात्री पुस्तक पुन्हा वाचताना लक्षात आलं की आम्ही दोघंही चुकीच्या पानावर भांडत होतो. ॲडव्हान्टेज लपल्यामुळे नव्हे, न दिसल्यामुळे मिळतं. मशालीचा उजेड २० फूट लख्ख, पुढचे २० मिणमिणता. एकूण एक जाड चौकट! पहारेकरी माणूस, डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची ताकद) नाही. दुसऱ्या चौकटीच्या टोकाला अंधारात उभी असलेली ही बया त्याला दिसतच नव्हती. तो मात्र हातात मशाल घेऊन तिला झकास दिसत होता. हाइडची गरजच नव्हती. बाण सुटला की ती कुठे आहे हे त्याला कळतं, पण कळणं वेगळं, दिसणं वेगळं. इतके दिवस ती बोनस ॲक्शन वाया घालवत होती, आणि मी तिच्याशी वाद.

हे तिला रविवारी प्रामाणिकपणे सांगितलं. ती खूश. पहिला पहारेकरी पडला.

दुसऱ्याने मशाल खंदकात फेकली.

आता त्याला ती दिसेना, तिला तो दिसेना. ॲडव्हान्टेज आणि डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा धरणं) एकमेकांना खाऊन टाकतात, साधा एक फासा उरतो. ॲडव्हान्टेज नाही, त्याच्या शेजारी आपलं कुणी नाही, म्हणून स्नीक अटॅकही गेला. "दादा, हे चीटिंग आहे," म्हणत तिने फासा टाकला. ९ आणि ५, १४. बाण भिंतीवर.

आमचा विझार्ड (जादूगार) तेवढ्यात कडक भाकरी चावत म्हणाला, बाणालाच लाइट कँट्रिप (उजेडाची छोटी जादू) लावू का? चालेल की. फक्त बाण सुटेपर्यंत तो उजेड तिच्या हातात असणार, आणि तटावर आता शिट्टी वाजलीये.