लग्नाच्या यादीत रक्ततपासणी

भाचीचं लग्न ठरलंय. सासवडजवळच्या तिच्या घरी बस्ता, मानपान, मंडप, सगळी धांदल. मी पुण्याहून गेले ती तिला रक्त तपासायला न्यायला. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, आत्ताच कशाला? दिवस गेले की करतातच की सगळं!"

गोची तिथंच आहे. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचंही धड कळलेलं नसतं. म्हणून ती नीट मिटायला लागणारं फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व आधीपासून हवं. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमनं 1993 पासून जिल्ह्यातल्या सहा गावांत पाहिलं: दिवस जाण्याआधी बायकांचं सरासरी वजन जेमतेम 42 किलो. पुढे गरोदरपणी पालेभाज्या, फळं जास्त खाणाऱ्यांची बाळं अंगानं भरलेली निघाली.

भाचीचं हिमोग्लोबिन 9.4 आलं. हवं किमान 12. नवल नाही. त्या दुपारी मेथी केली होती. आधी बापे जेवले, मग पाहुणे. पोरीच्या ताटात कढईच्या कडेला चिकटलेली चार पानं आणि भाकरी. वर लगेच कपभर चहा, म्हणजे त्यातलं लोहही फारसं अंगी लागायचं नाही. अळिवाचे लाडू मात्र बाळंतपणानंतर डबे भरून करतील!

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी जावईबापूंनाही करायला सांगितलीय. वहिनी अजून फुगून आहेत.